गर्भाशयाची साक्ष



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका कौटुंबिक कामानिमित्त आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे जाण्याचा योग आला. पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरपासून हे गाव जवळच आहे. २००९ साली येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि तेव्हापासून दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुले-मुली या गावात शिकायला येऊ लागली. ज्या घरी मी उतरलो होतो तेथे तेरा दिवसांपूर्वी बाळाचा जन्म झाला होता. तरीही घरात आनंदाची चाहूल नव्हती. सातवा दिवस उलटून गेला होता, म्हणून मी सहज अकीक्याविषयी विचारले. घरातील वृद्ध दादींनी कपाळावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "कसला अकीका, भाई? तिसरीसुद्धा मुलगीच. सूनच तशी मिळाली, त्याला कोण काय करणार?"

आतल्या खोलीत पाळण्याची दोरी क्षणभर थांबली आणि पुन्हा हलू लागली.

भिंतीवरच्या खिळ्याला लसीकरणाचे कार्ड अडकवलेले होते. नावाच्या रकान्यात इस्पितळाने 'बेबी ऑफ' असे लिहून पुढे आईचे नाव घातले होते. बाळाचे स्वतःचे नाव अद्याप कोणी ठेवलेच नव्हते.

या दादी निर्दय स्त्री आहेत असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. पाच वेळची नमाज त्या कधी चुकवीत नाहीत. ऐन तारुण्यात वैधव्य आले तेव्हा दुसऱ्यांच्या शेतात बटाट्याची काढणी करून त्यांनी मुलांना वाढवले. अशा श्रद्धावंत, कष्टाळू स्त्रीच्या मुखातून असे वाक्य इतक्या सहजपणे बाहेर पडावे, हीच खरी चिंतेची बाब आहे. त्या दिवशी मी दोन-चार वाक्ये बोललो, पण ती अपुरी होती. पूर्ण उत्तर येथे लिहीत आहे, कारण ते वाक्य केवळ एका घरातील नाही.

"सूनच तशी मिळाली" या तीन शब्दांत एक आरोप आहे. मुलगी झाली हा जणू अपराध आणि तो स्त्रीच्या उदराने केला. तेव्हा त्या उदरात प्रत्यक्ष काय घडते, हे पाहणे न्यायाच्या दृष्टीने आवश्यक ठरते. आपल्या धर्मपरंपरेत गर्भाविषयीचे ज्ञान या कामासाठी पूर्वीही वापरले गेले आहे. त्याची उदाहरणे पुढे येतीलच.

दिव्य कुरआन माणसाला त्याच्या आरंभाची आठवण वारंवार करून देतो. सूरह मोमिनूनमध्ये (२३:१२-१४) मातीच्या अंशापासून सुरुवात करून नुत्फा म्हणजे थेंब, मग अलका म्हणजे चिकटून राहणारी वस्तू, मग मुद्गा म्हणजे चघळलेल्या घासासारखा गोळा, त्यानंतर अस्थी, अस्थींवर मांस आणि शेवटी एक निराळीच निर्मिती, असे टप्पे सांगितले आहेत. सूरह जुमरमध्ये (३९:६) आईच्या उदरात तीन अंधारांत एकामागून एक आकार देण्याचा उल्लेख आहे. भाष्यकारांनी हे तीन अंधार म्हणजे उदर, गर्भाशय आणि गर्भाभोवतीचे आवरण असे समजावून दिले आहेत. सूरह दहरमध्ये (७६:२) हा थेंब मिश्र असल्याचे म्हटले आहे.

हे सारे सांगण्याचा हेतू काय, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. सूरह हजमध्ये (२२:५) हे टप्पे पुनरुत्थानाविषयी शंका घेणाऱ्यांपुढे मांडले आहेत: ज्याने एकदा घडवले त्याला पुन्हा उठवणे अवघड कसे असेल? सूरह यासीनच्या अखेरीस (३६:७७) एका थेंबापासून झालेला माणूस उघड भांडखोर होऊन उभा राहतो, याबद्दल आश्चर्य व्यक्त केले आहे. म्हणजे या आयती अहंकार वितळवण्यासाठी आणि परलोकाची जाणीव जागवण्यासाठी आहेत. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात टोरांटोचे शरीररचनाशास्त्रज्ञ किथ मूर यांनी या आयतींत रस घेतला, तेव्हापासून आपल्याकडील अनेक वक्ते कुरआनला भ्रूणशास्त्राचे पाठ्यपुस्तक म्हणूनच सादर करू लागले. मला हा मार्ग पसंत नाही. विज्ञानाची पुस्तके दर काही वर्षांनी सुधारली जातात. त्यांच्या प्रमाणपत्रावर ईशवाणीची सत्यता टांगून ठेवणे हा तिचा सन्मान नव्हे. शिवाय त्या जोशात मूळ उपदेश बाजूला राहतो. कुरआनात भ्रूणाचे टप्पे आहेत म्हणून टाळ्या वाजवणारा माणूस घरी जाऊन तिसऱ्या मुलीच्या आईशी अबोला धरतो, तेव्हा त्याने त्या आयती वाचल्या असे कसे म्हणावे?

विज्ञानाचा उपयोग नाही, असा याचा अर्थ नव्हे. अल्लाहच्या निशाण्यांचे निरीक्षण करण्याची आज्ञा आहे आणि गर्भातील निशाण्या तर विस्मयचकित करणाऱ्या आहेत.

आईचे बीज सुमारे एक दशांश मिलिमीटरचे असते. कागदावर टोकदार पेन्सिलीने उमटवलेल्या टिंबाहूनही लहान. पित्याकडून निघालेल्या कोट्यवधी पेशींपैकी काही शेकडाच त्या बीजाजवळ पोहोचतात आणि एकच आत प्रवेश करते. दोघांकडून तेवीस-तेवीस गुणसूत्रे येतात. या क्षणी बाळाच्या डोळ्यांचा रंग, केसांचा पोत यांचे बरेच काही ठरून जाते. मग ही एक पेशी विभागत विभागत गर्भनलिकेतून खाली सरकते आणि साधारण सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तराला चिकटून त्यात रुजू लागते. स्त्रीला अजून काहीच ठाऊक नसते. ती नेहमीप्रमाणे पहाटे उठते, भाकऱ्या थापते, रानात जाते. बाविसाव्या दिवसाच्या आसपास, जेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो, त्याचे हृदय धडकू लागते. पुढे ज्यातून मेंदू आणि पाठीचा कणारज्जू घडायचा ती नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट मिटावी म्हणूनच डॉक्टर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गर्भधारणेआधीपासून घ्यायला सांगतात, कारण दिवस गेल्याचे समजेपर्यंत ते काम बहुधा उरकलेले असते. दुसरा महिना संपता संपता सर्व प्रमुख अवयवांची मांडणी झालेली असते आणि या साऱ्या पसाऱ्याची लांबी असते जेमतेम तीन सेंटिमीटर.

एक गोष्ट मला सर्वाधिक विचारात पाडते. मुलगी आईच्या उदरात असतानाच तिच्या अंडाशयात तिच्या आयुष्यभराची बीजे तयार होतात. जन्मानंतर नवी बीजे तयार होत नाहीत, असे शास्त्र मानते. याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्या मुलाच्या घरी मुलगे व्हावेत अशी दादींची इच्छा आहे, तो मुलगा ज्या बीजापासून झाला ते बीज दादी स्वतः त्यांच्या आईच्या पोटात होत्या तेव्हाच घडले होते. त्या काळी त्यांच्याही घरात कोणी म्हटले असेल, "मुलगीच झाली!" त्या 'मुलगीच'मध्ये आजचा हा मुलगा सामावलेला होता. आतल्या खोलीत पाळण्यात निजलेल्या त्या तेरा दिवसांच्या जिवाजवळही पुढच्या पिढीची बीजे आज आहेत.

आता मूळ आरोपाकडे येऊ. मुलगा की मुलगी, हे कशाने ठरते? आईच्या प्रत्येक बीजात लिंग ठरवणारे गुणसूत्र एकाच प्रकारचे असते, त्याला 'एक्स' म्हणतात. पित्याच्या पेशी दोन प्रकारच्या असतात, काहींत 'एक्स' आणि काहींत 'वाय'. पित्याची 'एक्स' पेशी बीजाला मिळाली तर मुलगी, 'वाय' मिळाली तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या संशोधक महिलेने पिठातील किड्यांच्या पेशी तपासून १९०५ साली हे दाखवून दिले. त्याच सुमारास एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले. म्हणजे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हा खटला निकालात निघाला आहे. शिक्षा मात्र अजून सूनच भोगते आहे.

आपल्या आधीच्या जगाने या बाबतीत काय काय मानले होते! ॲरिस्टॉटलच्या मते आकार देणारे तत्त्व सगळे पुरुषाचे आणि स्त्रीकडून येते ते केवळ द्रव्य. १६९४ साली हार्टसूकर या डच संशोधकाने तर पुरुषबीजाच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक इवलासा माणूस चितारला. आईचे उदर म्हणजे त्याला वाढवणारे नुसते भांडे! सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज प्रत्यक्ष सापडले ते १८२७ साली, फॉन बेअर यांना. गंमत अशी की श्रेय वाटताना जिला भांडे ठरवले, दोष वाटताना तिलाच कर्ती ठरवले. उलट आदरणीय उम्मे सुलैम (रजि.) यांच्या प्रश्नावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्त्रीच्याही अंशाचा निर्वाळा दिला आणि तो नसता तर मूल आईसारखे दिसले कसे असते, अशा आशयाचा प्रतिप्रश्न केला. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. इब्ने हजर यांनी अशाच हदीसींच्या आधारे त्यांच्या काळातील वैद्यांच्या मताचे खंडन केले.

येथे एखादे जाणकार वाचक मला अडवतील. सहीह मुस्लिममधील सौबान (रजि.) यांच्या कथनात पुरुष आणि स्त्री यांपैकी कोणाचा अंश वरचढ ठरतो यावर मुलगा-मुलगी होण्याचा उल्लेख आहे, त्याचे काय? विद्वानांनी या शब्दांचे अर्थ निरनिराळे लावले आहेत आणि मी त्या चर्चेत शिरण्याइतका अधिकारी नाही. मात्र त्या कथनातही हे सारे अल्लाहच्या अनुमतीने घडते असेच स्पष्ट म्हटले आहे आणि कोणावर ठपका ठेवलेला नाही, एवढे माझ्या विषयापुरते पुरेसे आहे.

ठपका पुसण्याचे उदाहरण पाहायचे असेल तर ते अन्यत्र आहे. बनू फजारा टोळीतील एक ग्रामीण मनुष्य प्रेषितांकडे (स.) आला. त्याच्या पत्नीला काळ्या वर्णाचा मुलगा झाला होता आणि त्याच्या बोलण्यातून पत्नीविषयीचा संशय डोकावत होता. प्रेषितांनी (स.) त्याला त्याच्या उंटांविषयी विचारले. त्यांचा रंग कोणता? तो म्हणाला, तांबडा. त्यांत एखादा करड्या रंगाचाही आहे का? आहे, तो म्हणाला. मग तो कोठून आला? त्या माणसाने उत्तर दिले, कुठल्यातरी पूर्वजाच्या नसेने ओढला असेल. प्रेषितांनी (स.) सांगितले की तुझ्या मुलाच्या बाबतीतही असेच झाले असेल. (बुखारी, मुस्लिम)

किती विलक्षण पद्धत आहे ही! उंट पाळणाऱ्याला त्याच्याच कळपाची साक्ष काढून दिली आणि एका अनुपस्थित स्त्रीची अब्रू राखली. तिला दरबारात उभे केले नाही, शपथ घ्यायला लावली नाही.

दुसरे उदाहरण खलिफांच्या काळातील आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये नोंद आहे की विवाहानंतर सहा महिन्यांतच प्रसूत झालेल्या एका स्त्रीला आदरणीय उस्मान (रजि.) यांच्यासमोर आणण्यात आले. शिक्षेचा आदेशही निघाला. आदरणीय अली (रजि.) यांनी हरकत घेतली. कुरआनात एके ठिकाणी (४६:१५) गर्भारपण आणि दूध तोडणे यांचा मिळून काळ तीस महिने सांगितला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी (२:२३३) स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे. तीसमधून चोवीस वजा केले की सहा उरतात, म्हणजे सहा महिन्यांतही प्रसूती संभवते. शिक्षा थांबवण्यासाठी तात्काळ माणूस धाडण्यात आला, पण तो पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. वजाबाकीचे एवढे साधे गणित वेळेवर मांडले गेले असते तर एक जीव वाचला असता. ही हकीकत वाचताना आजही मन विषण्ण होते. अज्ञानाने दिलेला निकाल किती लवकर अमलात येतो!

अवसरीत उंट नाहीत, पण बटाटा आहे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठाराचा बटाटा साऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून दादींना मी एवढेच विचारले होते, "दादी, तांबडे बेणे लावले आणि तांबडाच बटाटा निघाला, तर तुम्ही जमिनीला बोल लावाल का?" त्या काही बोलल्या नाहीत. अशीच एक हकीकत अरबी साहित्यिक जाहिज यांनी हिजरी तिसऱ्या शतकात नोंदवून ठेवली आहे. अबू हमजा नावाचा एक मनुष्य पत्नीला मुलगी झाली म्हणून तिचा तंबू सोडून शेजारी राहू लागला. एके दिवशी जाता-जाता त्याने पत्नीचे अंगाईगीत ऐकले. आपण तर जमिनीसारख्या आहोत आणि पेरणाराच जे पेरतो तेच उगवून देतो, अशा आशयाचे ते होते. तो आत गेला आणि त्याने पत्नीचे आणि मुलीचे चुंबन घेतले.

परंतु आता दोष सुनेच्या माथ्यावरून काढून मुलाच्या माथी मारावा, असे कोणी समजू नये. पित्यालाही कोठे निवड असते? त्याच्या पेशींपैकी कोणती पुढे जाईल यावर त्याचा तिळमात्र अधिकार नाही. मुळात जेथे अपराधच घडलेला नाही तेथे अपराधी शोधणेच चुकीचे आहे. सूरह शूरामध्ये (४२:४९-५०) मुली आणि मुलगे यांना अल्लाहची देणगी म्हटले आहे आणि त्यात मुलींचा उल्लेख आधी आला आहे. कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला काहीच नाही, हे सर्व त्याच्या ज्ञानानुसार आणि सामर्थ्यानुसार. सहीह मुस्लिममध्ये हुजैफा बिन असीद (रजि.) यांचे कथन आहे की गर्भाला बेचाळीस रात्री झाल्यावर एक देवदूत येतो, त्याला आकार देतो आणि आपल्या पालनकर्त्याला विचारतो की हा मुलगा की मुलगी. गर्भात सहाव्या आठवड्यापर्यंत मुलगा-मुलगी असा भेद अवयवांत दिसत नाही, हे आता शास्त्रही सांगते. वर म्हटल्याप्रमाणे या साम्याचा मी डांगोरा पिटणार नाही. मला भावते ते असे की तो प्रश्न केवळ पालनकर्त्याला विचारला जातो. पित्याला नाही, दादीला नाही, गावाला नाही.

ज्या काळात हे अवतरण झाले त्या काळातील काही अरब टोळ्या नवजात मुलीला जिवंत पुरत असत. मुलगी झाल्याची वार्ता ऐकून पित्याचा चेहरा कसा काळवंडतो आणि तो लोकांपासून कसा तोंड लपवतो, याचे चित्र सूरह नहलमध्ये (१६:५८-५९) आहे. सूरह तकवीरमध्ये (८१:८-९) तर अंतिम न्यायाच्या दिवशी त्या पुरलेल्या मुलीलाच प्रश्न केला जाईल की तिला कोणत्या अपराधासाठी ठार केले गेले. मारणाऱ्याकडे पाहून बोलण्याइतकाही त्याचा मान राखलेला नाही. प्रेषितत्वापूर्वीच्या त्या अंधारातही जैद बिन अम्र बिन नुफैल यांच्यासारखे पुरुष होते. ते अशा पित्याला अडवून म्हणत की मुलीला मारू नको, तिचा खर्च मी उचलतो. ही नोंद बुखारीत आहे.

आपला महाराष्ट्र या बाबतीत दूर नाही. सोनोग्राफी म्हणजे ध्वनिलहरींनी गर्भाचे चित्र पाहण्याची पद्धत. गर्भाची वाढ, वार कोठे आहे, पाणी किती आहे हे पाहण्यासाठी ती वरदान आहे. पण तिचा वापर मुलगी हेरण्यासाठी होऊ लागला. तेव्हा १९८८ साली देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तो कागदावरच राहतो आहे हे पाहून मुंबईची 'सेहत' संस्था, पुण्याची 'मासूम' संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २००३ साली कायदा अधिक कडक झाला. तरीही शून्य ते सहा वर्षे वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४ उरल्या. वाळूच्या खड्ड्याची जागा स्वच्छ, पांढऱ्या खोलीने घेतली, एवढाच फरक.

हे आपल्यात होत नाही, असे म्हणून कृपया पान उलटू नका. मुलगी पोटातच मारणारा आणि जन्मल्यावर तिच्या आईला टोमणे मारून मारून जगणे नकोसे करणारा, यांच्यात अपराधाच्या तीव्रतेचे अंतर निश्चित आहे. मात्र दोघांच्या मनातले बेणे एकच आहे. या कायद्यातली एक तरतूद मला फार बोलकी वाटते. गर्भवती स्त्रीने लिंगतपासणी करून घेतली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती पती किंवा नातेवाइकांनी करायला भाग पाडली असेच न्यायालय गृहीत धरते. दबाव कोठून येतो, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते.

नाव न ठेवलेल्या त्या कार्डाने मला आणखी एक गोष्ट आठवली. सातारा जिल्ह्यात अनेक मुलींची नावेच 'नकुशा' होती. मुलगा हवा असताना झालेली, नको असलेली. पुढचा मुलगा व्हावा म्हणून असे नाव ठेवण्याची रीत. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात तेथील प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. शाळेच्या हजेरीत रोज 'नको आहे' या नावाला 'हजर' म्हणणाऱ्या मुलीची कल्पना करून पाहा. आदरणीय प्रेषितांनी (स.) 'आसिया', म्हणजे अवज्ञा करणारी, असे नाव असलेल्या मुलीचे नाव बदलून 'जमीला' ठेवले होते. चांगले नाव हा अपत्याचा हक्क आहे आणि तिला नावच न देणे हा तिला 'नकुशा' म्हणण्याचाच एक मूक प्रकार झाला.

स्वतः प्रेषित (स.) चार मुलींचे पिता होते, जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम आणि फातिमा (रजि.). मुलगे बालपणीच वारले. मक्केतील विरोधकांनी त्यांना 'अबतर' म्हणजे निर्वंश, शेंडा खुडलेला, असे हिणवले आणि त्याला उत्तर म्हणून सूरह कौसर अवतरली. ज्या टोमण्याने आज आपल्या घरांत सुनेला घायाळ केले जाते, तोच टोमणा एकेकाळी सर्वश्रेष्ठ मानवाला मारला गेला होता. बोलण्यापूर्वी आपण कोणाच्या रांगेत उभे राहत आहोत, हे पाहून घ्यावे.

सूरह आले इम्रानमधील (३:३५-३७) इम्रानच्या पत्नीची हकीकतही अशा प्रत्येक घरात वाचली जावी. पोटातले बाळ तिने अल्लाहच्या सेवेला वाहिले होते आणि मुलगा होईल अशी तिची अपेक्षा होती. मुलगी झाली. ती गोंधळली, मुलगा मुलीसारखा नसतो असे काहीसे तिच्या तोंडून निघाले. पण तिने मुलीला टाकले नाही. तिने लगेच नाव ठेवले, मरियम, आणि तिच्यासाठी व तिच्या संततीसाठी संरक्षण मागितले. अल्लाहने त्या मुलीचा उत्तम प्रकारे स्वीकार केला. अपेक्षाभंग होणे मानवी आहे, त्यात पाप नाही. त्या क्षणानंतर आपण काय करतो, हा प्रश्न आहे.

गर्भातील जिवाला इस्लामी कायद्याने किती मान दिला आहे, हे थोडक्यात सांगतो. वारसा वाटताना पोटातल्या बाळाचा हिस्सा राखून ठेवावा लागतो. हुजैल टोळीतील दोन स्त्रियांच्या भांडणात एकीने मारलेल्या दगडाने दुसरीचा गर्भ दगावला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या गर्भासाठी स्वतंत्र भरपाई ठरवून दिली. गर्भवती आणि स्तनदा मातेला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहे. उपासनेतही जिथे आईच्या पोटाचा विचार केला गेला, तिथे आपल्या स्वयंपाकघरात तो होतो का? पोटुशी सून सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले खात असेल, तर घरातील पुरुषांनी त्याचा हिशेब द्यावा लागेल. बारा आठवड्यांच्या आत आरोग्य केंद्रात नाव नोंदवणे, लोहाच्या गोळ्या, रक्ताची तपासणी, किमान चार वेळा डॉक्टरांची भेट, सरकारी रुग्णालयात मोफत प्रसूती, हे सारे उपलब्ध आहे. बहुतेक वेळा कमतरता असते ती तिच्यासोबत जाणाऱ्या माणसाची. अरबी भाषेत गर्भाशयाला 'रहिम' म्हणतात आणि 'रहमान' हे नाव त्याच मुळाचे आहे. एका हदीसमध्ये अल्लाहनेच हे नाते सांगितल्याचे आले आहे. ज्या अवयवाला दयावंताच्या नावाशी नाते लाभले, त्याला 'तशी' म्हणून नावे ठेवताना जीभ अडखळली पाहिजे.

आणि मुलींचे संगोपन? एक गरीब स्त्री दोन मुलींना घेऊन आदरणीय आयेशा (रजि.) यांच्या दारी आली. घरात एकच खजूर होता. त्या स्त्रीने तो दोघींत वाटला, स्वतः काही खाल्ले नाही. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी सांगितले की मुलींद्वारे ज्याची परीक्षा झाली आणि ज्याने त्यांच्याशी चांगले वर्तन केले, त्याच्यासाठी त्या नरकाग्नीपासून आड होतील. दोन मुलींना वयात येईपर्यंत वाढवणाऱ्याला त्यांनी दोन बोटे जोडून दाखवली, इतका तो त्यांच्याजवळ असेल. अवसरीच्या त्या घरात एक सोडून तीन आहेत.

निघताना मी घराच्या ओट्यावर चपला घालत होतो. दादी बाहेर आल्या. थोडा वेळ त्या समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. महाविद्यालय सुटले असावे, पाठीवर पिशव्या घेतलेल्या मुलींचा घोळका बोलत-हसत चालला होता. मग त्यांनी हळूच विचारले, "भाई, सातवा दिवस तर गेला. आता अकीका केला तर चालेल का?"

मी सांगितले की चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशी करता येतो, आणि तेही जमले नाही तर नंतरही. मुलीसाठी एक बकरे पुरेसे आहे.

"उद्या चौदावाच आहे की," असे म्हणत त्यांनी बोटांवर मोजले आणि आत हाक मारली, "अगं, ते कार्ड आण बरं इकडे. आणि आधी तू जेवून घे."